झाडावर चढलेला मित्र

आमची नात यंदा मराठी वाचू लागली. अक्षरावर बोट ठेवीत तिने पहिली सबंध गोष्ट वाचली ती पंचतंत्रातील, मेलेला सिंह जिवंत करणाऱ्या मित्रांची. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, चौथा एकटाच झाडावर का चढला? मित्राचा हात धरून त्यालाही वर का नाही नेले?" पस्तीस वर्षे सरकारी कागदांना उत्तरे देण्यात घालविलेल्या आम्हांस या प्रश्नाचे उत्तर सुचले नाही.

गोष्ट पाचव्या तंत्रातील, म्हणजे 'अपरीक्षितकारका'तील आहे. चार मित्र; तिघे विद्वान, चौथा सुबुद्धी केवळ शहाणा. वाटेत पहिला म्हणतो की, या अशिक्षिताला आपल्या कमाईत वाटा नको. दुसरा त्याला सरळ घरी परतायला सांगतो. तिसरा मात्र म्हणतो, आपण लहानपणापासून एकत्र खेळलो, तोही येऊ दे. साऱ्या पृथ्वीला कुटुंब मानणारे जे सुभाषित आपण सभासमारंभांत ऐकतो, ते पंचतंत्रात याच तिसऱ्याच्या तोंडी आहे. पुढे रानात हाडे सापडतात. पहिला सांगाडा जुळवितो, दुसरा मांस, रक्त व कातडे चढवितो, तिसरा प्राण घालू लागतो. सुबुद्धी म्हणतो, हा सिंह आहे, आपल्याला खाईल. तिसरा ऐकत नाही. तेव्हा सुबुद्धी म्हणतो, क्षणभर थांब, मला झाडावर चढू दे.

क्रम तोच धरला, तर ज्याने सुबुद्धीला सोबत ठेवले तोच प्राण घालणारा आहे. हे आमच्या ध्यानात साठी उलटल्यावर आले.

हीच कथा वेताळपंचविशीतही आहे. पण तेथे चौघे भाऊ आहेत, चौघेही विद्या वापरतात आणि चौघेही मरतात. शहाणा असा कोणी उरतच नाही. वेताळ विचारतो, पाप कोणाचे? राजा निवाडा देतो की प्राण घालणाऱ्याचे. इतरांना आपण कोणता प्राणी घडवीत आहोत हे ठाऊक नव्हते. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्या पिढीचे आम्ही. १९५२ पासून मराठीत निघणारा 'चांदोबा' हाती पडला की आम्ही पेडण्याची मुले आधी विक्रम-वेताळाचे पान उघडत असू. चित्रकार शंकर यांचा तो खांद्यावर प्रेत घेतलेला राजा अजून डोळ्यांसमोर आहे. आमोण्याला वेताळ हा ग्रामदेव. त्यामुळे झाडाला लोंबकळणाऱ्या वेताळाचे भय आम्हांस बेताचेच वाटे. राजाचा निवाडा मात्र पुढे नोकरीत फार सोयीचा वाटला. कचेरीत प्रत्येक जण म्हणू शकतो की मी फक्त हाडे जुळविली.

पण सुबुद्धीबद्दल कोणताच वेताळ काही विचारीत नाही.

नोकरीच्या आरंभी एका कचेरीत आम्ही नवखे होतो. पहिल्याच महिन्यात आमच्या हातून हिशेबात चूक झाली आणि वरिष्ठांनी आमची बदली करायचे ठरविले. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने मध्यस्थी करून आम्हांस ठेवून घेतले. काही वर्षांनी त्याच्यापुढे एक फाईल आली. ओहोळाकाठची शेतजमीन भरून तिथे बांधकाम करायचे होते. कागद नियमात बसविले होते. पाणी मात्र कागद वाचीत नाही. आम्ही त्याला एकदा सांगितले, "सही करू नकोस." तो हसला. आम्ही मग आमच्या हाती असलेले काम केले : तीन ओळींचे प्रतिकूल टिपण लिहिले, तारीख घातली आणि आठवडाभराच्या रजेवर गेलो. फाईल त्या आठवड्यात निघाली.

दुसऱ्या पावसाळ्यात ओहोळाचे पाणी वाड्यातल्या घरांत शिरले. चौकशी झाली. त्या तीन ओळींनी आम्ही वाचलो. तो निलंबित झाला आणि पुढे त्याची बढती कायमची अडली. चौकशीत आम्ही खोटे काही बोललो नाही. आमचे टिपण बरोबरच होते, सुबुद्धीचे बोलणेही बरोबरच होते. परंतु एकदा सांगून रजेचा अर्ज लिहायला बसणारा आणि चार वेळा सांगणारा, वेळ पडली तर फाईल घेऊन वरिष्ठांकडे जाणारा, भांडणारा, मैत्री तुटली तरी भांडणारा, यांत अंतर आहे. आम्हांस त्या वेळी भांडण नको होते. मैत्री टिकावी म्हणून गप्प बसलो, असे पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. रजा कशासाठी घेतली होती, हे मात्र आता आठवत नाही.

सुबुद्धीच्या बाजूनेही बोलता येते. प्राण घालणाऱ्याचा हात त्याने धरला असता, तर बाकीच्या दोघांनी त्याला ढकलून दिले असते. अडाण्याचे कोण ऐकतो? आणि सारेच मेले असते, तर गोष्ट सांगायला कोणी उरले नसते. हे सर्व आम्ही नातीला सांगून पाहिले. तिने ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "पण झाडावर जागा होती ना?"

तो मित्र आता डिचोलीस मुलाकडे असतो. दरवर्षी चतुर्थीला भेट होते. तब्येतीचे बोलतो, त्या फाईलचे नाव तो काढीत नाही. यंदा नातीलाही नेणार आहोत. तिला नवी गोष्ट कोणालाही वाचून दाखवायची सवय आहे. पुस्तक घरी ठेवावे की बरोबर न्यावे, हे अजून ठरत नाही.