साक्षीवर उभी असलेली वंशावळ

अरबी घोडा शुद्ध आहे असे आज कोणी म्हणते, तेव्हा त्याला रक्ताची शुद्धता अभिप्रेत असते. अनझा, शम्मर, रुवाला अशा ज्या बेदुईन टोळ्यांनी हा घोडा वाळवंटात जोपासला, त्यांची कल्पना मात्र वेगळी होती. कुहैलान, सकलावी, अबय्यान, हमदानी, हदबान ही घोड्यांची कुळे आईकडून चालत. पैगंबरांच्या पाच घोड्यांपासून ती निघाली, ही कथा श्रद्धेची आहे. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकता येत नाही. महत्त्वाचा आहे तो नियम. नर कितीही नामांकित असो, घोडीचे कूळ अज्ञात असेल तर शिंगरू ‘असील’, म्हणजे शुद्ध, ठरत नसे. म्हणजे शुद्धता ही मुळात माहितीची अट होती: आई कोणाची, कोणाच्या तंबूत वाढली, कोणत्या नराला दाखवली, हे टोळीला निःशंकपणे ठाऊक असले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. विकणारा आपल्या घोड्याची थोरवी सांगणारच, मग तोंडी साक्षीला किंमत काय? पण बेदुईन व्यवहाराची रचना पाहिली की हा आक्षेप सैल पडतो. चांगली घोडी सहसा पूर्णपणे विकली जात नसे. तिच्या पुढच्या माद्यांवर जुना मालक हक्क राखून ठेवी. त्यामुळे एकाच घोडीची हकीकत अनेक घरांना ठाऊक असे आणि ती बदलणे एकट्याच्या हातात राहत नसे. लुटीत घोडी हाती लागली तर शत्रूकडे निरोप धाडून तिचे कूळ विचारले जाई, आणि शत्रूही ते खरे सांगे, असे तिथे फिरलेल्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. मला यात केवळ औदार्य दिसत नाही. आज गेलेली घोडी उद्याच्या छाप्यात परत येऊ शकते, मग तिचे कूळ बुडवून कोणाचेच भले नाही, हा रोकडा हिशेबही त्यात असावा.

घोडा वाळवंटाबाहेर गेला तशी ही साखळी ताणली गेली. बसऱ्याहून मुंबईला एकोणिसाव्या शतकात फौजेसाठी आणि शर्यतीसाठी अरबी घोडे येत, ते बहुतेक नर. ते हलके होते असे नव्हे, पण साक्षीदार मागे राहिले होते. इजिप्तच्या अब्बास पाशाने (कारकीर्द 1848 ते 1854) हा धोका ओळखला. त्याने माणसे पाठवून टोळ्यांकडून घोड्यांच्या हकीकती लिहून घेतल्या. लेडी अॅन ब्लंट आणि विल्फ्रिड ब्लंट हे दांपत्य 1878 च्या सुमारास युफ्रेटिसकाठी व नज्दमध्ये हिंडले, तेही प्रत्येक घोडीमागची साक्ष शोधत. मात्र इंग्लंडात 1791 पासून थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या वंशनोंदवहीची, म्हणजे जनरल स्टड बुकची, परंपरा रुजली होती. हळूहळू तिथल्या पद्धतीने छापील नोंद हाच पुरावा झाला. जागतिक अरबी अश्व संघटनेने पुढे व्याख्याच अशी केली की मान्य नोंदवहीत असलेला तो शुद्ध अरबी. जी वही साक्ष जपण्यासाठी होती, ती साक्षीच्या जागी बसली.

आता जनुकशास्त्र म्हणते, एकाच कुळाच्या घोड्यांत मातृवंशाच्या खुणा वेगवेगळ्या सापडतात. मग बेदुईन चुकले का? कुळाची पाच नावे म्हणजे पाच आदिमाता, हा दावा टिकत नाही, हे मान्य करावे लागते. पण साक्ष मुख्यतः अलीकडच्या पिढ्यांची असे, आणि तेवढ्या पल्ल्यात ती खोटी होती असे यातून सिद्ध होत नाही. शर्यतीच्या काही अरबी घोड्यांत थरोब्रेडचे मिश्रण असल्याच्या खुणाही जनुकांनीच दाखवल्या, आणि हे घोडे नोंदवहीत शुद्धच होते. म्हणून ज्याच्या कागदावर मूळ टोळी, मालक आणि साक्ष नाही, त्याला चांगला अरबी घोडा जरूर म्हणावे. वाळवंटी वंशाचा म्हणू नये.