ऐकिवाचे प्रामाण्य आणि मतपरिवर्तन

ज्ञानाची साधने सांगताना शास्त्रकारांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द यांचा निर्देश केला आहे. त्यांपैकी प्रत्यक्षाचा गौरव आपण तोंडाने पुष्कळ करतो. परंतु नित्याच्या व्यवहाराकडे पाहिले तर आपले बहुतेक ज्ञान शब्दावर, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावर उभे असलेले दिसते. आपला जन्मदिवससुद्धा आपण आईच्या सांगण्यावरूनच जाणतो. शब्दावाचून मनुष्याला गती नाही. म्हणूनच सांगणारा आप्त आहे की नाही, याची परीक्षा शास्त्राने सांगितली. पण जो शब्द आप्ताचा नाही तोही मनात शिरतो आणि तेथे घर करून बसतो. तो बाहेर कसा काढावा? प्रमाण दाखविल्याने मनुष्याचे मत खरोखर बदलते काय? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो करताना माझीच एक चूक वाचकांपुढे ठेवावी लागणार आहे, हे प्रारंभीच सांगतो.

हा प्रश्न केवळ पंडितांच्या चर्चेचा नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे होती. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची आवई त्या दिवसांत मोबाईलच्या संदेशांतून गावोगाव पसरली होती आणि अनोळखी भिक्षेकरी दिसताच लोकांनी त्या आवईचा अर्थ त्यांच्यावर बसविला. पुढे 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच जमावाच्या हातून मारले गेले. ज्यांच्या आचारधर्मात भिक्षा आणि अटन आहे, त्यांनी या दोन घटना दुरून वाचून सोडून द्याव्यात अशा नाहीत. परक्या गावाच्या वेशीवर झोळी घेऊन उभा राहिलेला भिक्षुक त्या गावाने त्याच्याविषयी काय ऐकले आहे, यावर जगत असतो.

प्रथम असत्य मनात कसे शिरते ते पाहू. प्रामाण्याविषयी मीमांसक आणि नैयायिक यांचा जुना वाद विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, बाधक ज्ञान होईपर्यंत ते खरेच मानावे, असे मीमांसक म्हणतो. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, परीक्षेने ठरते, असे नैयायिक म्हणतो. सिद्धांत कोणाचा श्रेष्ठ हा विषय येथे नाही. पण सामान्य मनाची चाल मीमांसकाच्या बाजूची आहे यात संशय नाही. ऐकले की आधी मानायचे, शंका नंतर. आणि ती पुष्कळदा येतही नाही. त्यातून तीच गोष्ट पुनःपुन्हा ऐकू आली म्हणजे ती ओळखीची होते आणि ओळखीचे ते खरे वाटू लागते. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या अमेरिकन संशोधकांनी 1977 मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा त्यांनी विद्यार्थ्यांना काही विधाने ऐकविली आणि ती कितपत खरी वाटतात ते विचारले. जी विधाने प्रत्येक वेळी पुन्हा आली, ती उत्तरोत्तर अधिक खरी वाटू लागली. मग ती मुळात खरी असोत वा खोटी. नामस्मरणाने जो संस्कार दृढ होतो, त्याच आवृत्तीच्या बळावर असत्यही दृढ होते. आवृत्तीला सत्यासत्याचा विवेक नसतो. तो करणाऱ्याने करावयाचा असतो.

आता दुसरा प्रश्न. शिरलेले असत्य निघते कसे? येथे मी पूर्वपक्ष म्हणून माझेच जुने मत मांडतो. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी वाचले होते की, हट्टी मनुष्याला प्रमाण दाखविले तर त्याचा हट्ट कमी न होता उलट वाढतो. नायहन आणि रायफलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 2010 मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. इराकमध्ये महासंहारक शस्त्रे नव्हती, ही दुरुस्ती वाचल्यावर अमेरिकेतील एका बाजूकडे कल असलेल्या लोकांचा ती असल्याचा समज अधिकच पक्का झाला, असे त्यांना आढळले. हे मला फार पटले. मी ते निरूपणात अनेकदा सांगितले आणि त्यावर निष्कर्षही काढला की, साधकाने खंडनाच्या भरीस पडू नये. लोक आपोआप शहाणे होतील तेव्हा होतील.

2018 च्या त्याच पावसाळ्यात या निष्कर्षाची परीक्षा झाली. आमच्या आश्रमातील दोन तरुण तपस्वी जवळच्या एका गावाहून रिकाम्या झोळ्या घेऊन परतले. बायकांनी दारे लावून घेतली होती आणि काही तरुण वेशीपर्यंत त्यांच्या मागे चालत आले होते. मी सांगितले, "त्या गावाकडे काही दिवस जाऊ नका आणि कोणाशी बोलूही नका. बोलल्याने वाढेल." तेथे एक वृद्ध वासनिक बसले होते. प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेला तो गृहस्थ. ते म्हणाले, "बाबा, आपण गप्प बसलो तर ते खरेच धरतील. मला जाऊ द्या." मी मनात म्हटले, यांनी शास्त्र वाचलेले नाही. पण त्यांना अडविले नाही.

त्याच संध्याकाळी ते गावच्या पारावर जाऊन बसले. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. मुलांची काळजी वाटणे योग्यच आहे, येथून त्यांनी प्रारंभ केला. मग संदेश कोणाला कोणाकडून आला ते एकेकास विचारले. प्रत्येकाने दुसऱ्याचे नाव सांगितले. प्रत्यक्ष पाहिलेला कोणीच निघाला नाही. सरपंचांकडून त्यांनी पोलीस ठाण्यात विचारून घेतले. मूल हरवल्याची एकही तक्रार नव्हती. शेवटी त्यांनी सांगितले की हे दोघे अमुक आश्रमातील आहेत, त्यांचे गुरू अमुक, भिक्षेचा नियम असा असा आहे, आणि कोणीही केव्हाही येऊन पाहावे. दुसऱ्या दिवशी त्या गावचे चार जण खरोखरच आश्रमात येऊन गेले. महिन्याभराने भिक्षा पूर्ववत मिळू लागली. दोन-तीन घरांची दारे मात्र त्यानंतरही बरेच दिवस लागलेलीच राहिली.

मग मी तो विषय पुन्हा वाचावयास घेतला. वुड आणि पोर्टर या अभ्यासकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेले काम मला तेव्हा वाचावयास मिळाले. पाच प्रयोग, 10,100 हून अधिक माणसे आणि वादाचे 52 विषय त्यांनी घेतले. दुरुस्ती वाचून चुकीचा समज उलट वाढला, असे त्यांना एकाही विषयात आढळले नाही. याहूनही विशेष गोष्ट पुढे आहे. मूळ मत मांडणारे नायहन व रायफलर आणि ते खोडणारे वुड व पोर्टर हे चौघे एकत्र बसले आणि 2016 च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीतील ट्रम्प यांच्या विधानांविषयी त्यांनी संयुक्त प्रयोग केला. त्यात असे दिसले की, विधानातील चूक दाखविल्यावर समर्थकांनीसुद्धा वस्तुस्थिती बऱ्याच अंशी मान्य केली. पण त्या पुढाऱ्याविषयीची त्यांची भावना मात्र फारशी हलली नाही. आपले नाव ज्या सिद्धांताशी जोडले गेले तो प्रतिपक्षाबरोबर बसून पुन्हा तपासण्याची ही वृत्ती विरळा होय. वादाला आपल्याकडे जे स्थान आहे ते याचसाठी. जयासाठी चालविलेल्या वादाला शास्त्रात जल्प म्हणतात.

तात्पर्य, प्रमाणाने समज बदलतो; भावना मागून, सावकाश येते. पारावर बसलेल्या त्या गृहस्थांनी आवई घालविली, परंतु दोन-तीन दारे उघडावयास वेळ लागला, ते याच क्रमाने. भावना लगेच बदलली नाही म्हणून प्रमाण व्यर्थ गेले, असे म्हणणे म्हणजे पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी शेतात पीक न दिसल्यावरून बी खोटे ठरविणे होय.

प्रमाण कसे द्यावे, यालाही पद्धत आहे. जॉन्सन आणि सायफर्ट यांचा 1994 चा एक प्रयोग येथे उपयोगी पडतो. वाचकांना गोदामाला लागलेल्या आगीची हकीकत दिली गेली. एका लहान खोलीत तैलरंग व गॅसच्या टाक्या होत्या, असे आधी सांगितले आणि नंतर ती खोली रिकामी होती अशी दुरुस्ती केली. दुरुस्ती लक्षात असूनही वाचक आगीच्या धुराचे वगैरे कारण सांगताना तैलरंगाकडेच वळत. मात्र आग कोणी मुद्दाम लावल्याच्या खुणा सापडल्या, असे दुसरे कारण दिल्यावर पहिल्याचा प्रभाव बराच ओसरला. आपला रज्जुसर्पाचा दृष्टांत हेच सांगतो. अंधारात दचकलेल्या मनुष्यास 'हा सर्प नव्हे' एवढेच सांगितले तर त्याचे पाऊल उचलत नाही; मग हे आहे तरी काय, ही शंका राहतेच. 'ही दोरी आहे' असे सांगून दिवा जवळ नेला म्हणजे भय जाते. निषेध हा बाधज्ञानाचा अर्धा भाग. विधानाने तो पूर्ण होतो. 'हे चोर नव्हेत' यापेक्षा 'हे अमुक आहेत, येऊन पाहा' हे वाक्य बलवत्तर ठरले, त्याचे कारण हेच.

या बाबतीत आपल्या पंथाचा अनुभवही बोलका आहे. 'महानुभाव' या शब्दाचे 'मानभाव' झाले आणि 'मानभावीपणा' म्हणजे दांभिकपणा असा अर्थ मराठीत रूढ झाला. जीवमात्राची हिंसा वर्ज्य मानणाऱ्यांच्या नावाशी 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण जोडली गेली. त्यात बाहेरच्यांचा द्वेष होता हे खरे. पण ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद राहिल्यामुळे दोरी दाखवावयास दिवाच नव्हता, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांपुढे सकळ लिपी उलगडली आणि ग्रंथ प्रकाशात येऊ लागले, तेव्हा विद्वानांचे मत बदलले. आज लीळाचरित्रावाचून मराठी गद्याचा इतिहास लिहिता येत नाही. म्हण मात्र कोशात आहे आणि अधूनमधून तोंडातही येते. समज आधी, भावना मागून, हा क्रम येथेही दिसतो.

यावर कोणी आक्षेप घेईल : मत बदलण्याची सवय लागली तर निष्ठा कशी राहील? याचे उत्तर म्हाइंभटांच्या चरित्रात आहे. सराळ्याचा हा विद्वान डोमेग्रामी वाद करण्यासाठी आला आणि शिष्य होऊन राहिला. मत बदलले म्हणून त्यांची निष्ठा उणी पडली नाही. उलट मत बदलण्याचे धैर्य होते म्हणूनच त्यांना निष्ठेचे स्थान सापडले. पुढे लीळा संकलित करताना, जे प्रत्यक्ष सन्निध होते त्यांना त्यांनी विचारले. त्या ग्रंथपरंपरेत जेथे सांगणाऱ्यांत भेद पडला तेथे तो दडविला गेला नाही. अमक्याची वासना अशी, अमक्याचा पाठ असा, अशी नोंद राहू दिली गेली. कोणी पाहिले, कोणी ऐकले, कोठे भेद पडतो, हे सांगण्याने श्रद्धा ढळत नाही. ढळतो तो आग्रह, आणि आग्रह म्हणजे श्रद्धा नव्हे. श्रद्धेचे लक्ष सत्याकडे असते, आग्रहाचे आपल्या आधीच्या बोलण्याकडे.

शेवटी माझ्या चुकीविषयी. ते जुने मत मला इतके का पटले, याचा मी शोध घेतला, तेव्हा उत्तर सुखाचे निघाले नाही. त्यात संशोधनाचा भाग थोडा आणि माझ्या सोयीचा भाग अधिक होता. खंडन व्यर्थ आहे असे एकदा ठरले की पारावर जाऊन बसण्याचे श्रम वाचतात, लोकांची उलट उत्तरे ऐकावी लागत नाहीत, आणि या अनास्थेला वैराग्याचे नाव देता येते. दुसऱ्याच्या मनातील असत्य त्याच्या भयाच्या आश्रयाने राहते; माझ्या मनातील माझ्या आळसाच्या आश्रयाने राहिले होते. एवढाच काय तो फरक. म्हणून जे मी निरूपणात अनेक ठिकाणी सांगितले ते येथे मागे घेतो. ज्यांनी ते माझ्याकडून ऐकून पुढे सांगितले असेल, त्यांनी ही दुरुस्तीही तितक्याच जणांना सांगावी, अशी विनंती आहे.

ते वासनिक गृहस्थ आता हयात नाहीत. हे मी त्यांना त्यांच्या हयातीत सांगितले. ते ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "मग बाबा, पुढच्या वेळी आपण येणार ना बरोबर?" मी येईन म्हणालो. तेव्हापासून अशी वेळ दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी पारावर जाऊन बसलो.