आवाज नेमका कुठे फाटतो?

लिनक्सच्या संगणकावर गाणे लावावे आणि आवाज फाटका यावा, हा अनुभव पुष्कळांनी घेतलेला असतो. अशा वेळी बहुतेक जण कुठून तरी एखादी कमांड उचलून टर्मिनलमध्ये डकवतात. ती लागू पडली नाही की दुसरी, मग तिसरी. शेवटी आवाज सुधारला तरी कशाने सुधारला ते कळत नाही, आणि तीन ठिकाणी केलेले बदल मात्र पुढच्या बिघाडाची वाट पाहत तसेच राहतात. या प्रणालीत आवाजाच्या वाटेवरचा जवळजवळ प्रत्येक टप्पा उघडून पाहता येतो. तो न पाहताच औषध देणे मला पटत नाही.

न्याय-वैशेषिकांनी या वाटेचा विचार फार बारकाईने केला होता. दूर वाजलेल्या नगाऱ्याचा नाद कानापर्यंत येतो कसा? त्यांनी वीचीतरंगन्याय सांगितला: पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, जशी पाण्यावर लाटेतून लाट उठते. कान ऐकतो तो मूळ शब्द नव्हे, त्या मालिकेतला शेवटचा. आजचे ध्वनिशास्त्र या मतातले पुष्कळसे मान्य करणार नाही, पण संगणकातल्या आवाजाला ते जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. फाइलमधले आकडे प्लेअर उलगडतो, पाइपवायर त्यांत इतर प्रोग्रॅमांचे आवाज मिसळतो, कर्नलमधला अल्सा ते चिपकडे नेतो, चिप आकड्यांचा विद्युतदाब करते, अॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकरचा पडदा हवा हलवतो. आपल्या कानावर पडतो तो या सहाव्या हाताने दिलेला आवाज. दोष यांपैकी कुठेही शिरू शकतो.

हे दुवे एका माणसाने एका वेळी घडवलेलेही नाहीत. फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांचे ओएसएस हे अल्साच्या आधीचे ध्वनिसॉफ्टवेअर १९९२ चे. चेक प्रोग्रॅमर यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये आरंभलेला अल्सा कर्नलच्या २.६ आवृत्तीपासून त्याच्या जागी आला. लेनार्ट पोटरिंग यांचा आवाज मिसळणारा पल्सऑडिओ २००४ चा, आणि विम टायमन्स यांचा पाइपवायर २०२१ मध्ये फेडोरा ३४ या डिस्ट्रिब्यूशनने पल्सऑडिओच्या जागी बसवला. त्यामुळे जुने उपाय नव्या यंत्रावर निरर्थक ठरतात. पल्सऑडिओच्या काळात तडतडीवर ‘टीशेड=०’ ही ओळ रामबाण समजली जाई, आणि काही ड्रायव्हरांच्या बाबतीत ती खरोखर लागू पडे. आज पाइपवायर चालवणाऱ्या संगणकावर तीच ओळ पल्सऑडिओच्या मांडणीच्या जुन्या फाइलमध्ये लिहिली, तर ती कोणी वाचतही नाही.

मग शोधायचे कसे? इथेही आपल्याच तर्कशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची रीत मला सर्वांत भरवशाची वाटते. जे असताना दोष असतो आणि जे काढल्यावर दोष जातो, तिथे कारण शोधावे. चार्जर काढल्यावर घरघर थांबली आणि लावल्यावर परत आली, तर ती ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याच्या वाटेने आली आहे. लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही. हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ आणि स्पीकरवर फाटका, तर संशय साखळीच्या टोकावर. पेनड्राइव्हवरून दुसरे डिस्ट्रिब्यूशन चालवून पाहिले आणि आवाज नीट आला, तर यंत्र निर्दोष, मांडणी सदोष. अट एकच, आणि घाईत तीच मोडली जाते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पण त्याच्याही आधी ऐकायचे. आवाज मोठा होतो तिथेच फाटतो, की हळू जागीसुद्धा तडतडतो? या एका प्रश्नाने अर्धे काम होते.

मोठ्या जागी फाटणारा आवाज म्हणजे बहुधा कापलेली लाट. १६ बिटांच्या नोंदीत आवाजाची पातळी उणे ३२,७६८ ते ३२,७६७ या आकड्यांच्या आत मावली पाहिजे. त्यापलीकडे आकडाच नाही. लाट त्याच्या वर जाऊ लागली की तिचा माथा सपाट कापला जातो, आणि त्या कापण्यातून मुळात नसलेले सूर जन्माला येतात. २४० हर्ट्झचा शुद्ध सूर वरून-खालून सारखा कापला, तर त्यात ७२०, १२०० अशी तिप्पट, पाचपट कंपने मिसळतात. कानाला जे कर्कश लागते ते हेच. आवाजाची पट्टी दीडशे टक्क्यांपर्यंत ओढण्याची सोय डेस्कटॉपवर असते, आणि ती या दोषाचे नेहमीचे उगमस्थान आहे. पाइपवायर आतला हिशेब ३२ बिटांच्या अपूर्णांकांत करतो, म्हणून तिथे लाट वाढली तरी मोडत नाही. ती कापली जाते चिपकडे जाताना, पूर्णांकांच्या दारात. पट्टी शंभरावर आणली की आवाज पूर्ववत होतो. मायक्रोफोनचे उलट असते. अल्सामिक्सरमधला ‘माइक बूस्ट’ ३० डेसिबलवर असेल, तर येणारा संकेत सुमारे ३२ पट मोठा होऊन आकड्यांत उतरतो. तिथे कापलेला माथा पुढे कितीही आवाज कमी केला तरी परत येत नाही. कापलेली लाट लहान होते, इतकेच. म्हणून रेकॉर्डिंगचा दोष नेहमी पहिल्या दारापाशी शोधावा.

हळू जागीही तडतड होत असेल तर लाट शाबूत असते, खंडित होतो तो तिचा पुरवठा. चिपला दर सेकंदाला ४८,००० आकडे लागतात. ते १,०२४ च्या गठ्ठ्यांनी पुरवले, तर पुढचा गठ्ठा सुमारे २१ मिलिसेकंदांत तयार हवा. प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला, गठ्ठा उशिरा आला, की तेवढी फट पडते आणि कानाला ‘तड’ ऐकू येते. टर्मिनलमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’ ही कमांड चालवली तर अशा चुकांची मोजणी शेवटाकडच्या ‘ईआरआर’ या रकान्यात वाढताना दिसते. तडतडीबरोबर तो आकडा वाढत असेल तर गठ्ठा मोठा करावा. आवाज किंचित उशिरा येईल, पण अखंड येईल.

बाकीची चिन्हे ओळखायला सोपी आहेत. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू होताच गाणे टेलिफोनवरून आल्यासारखे वाटू लागले, तर जोडणी संगीताच्या प्रोफाइलवरून संभाषणाच्या प्रोफाइलवर गेली आहे. ४४,१०० च्या वेगाने नोंदलेले गाणे चुकून ४८,००० च्या वेगाने वाजले, तर काळी एकचा गवय्या पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, कुठल्याच पट्टीत न बसणाऱ्या जागी गाताना ऐकू येतो. पेटीवर कान बसलेल्या माणसाला हा दोष कोणत्याही उपकरणाआधी कळेल.

एक बिघाड मात्र असा आहे की तिथे यंत्र आपले काम चोख करत असते, आणि मला तोच सर्वांत गंभीर वाटतो. तानपुऱ्याच्या रुंद, किंचित वळणदार घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर जवारी काढतो. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तार घोडीला हलके घासते आणि स्वरांवर स्वरांचे थर उमलतात. ज्या बिंदूवर तार छेडली तिथे ज्यांचा स्थिरबिंदू आहे ते उपस्वर नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत; तानपुऱ्यात तेही येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. नव्याने उपजलेल्या उपस्वरांच्या हिशेबाने पाहिले तर कापलेली लाट आणि जवारी यांत नाते आहे. एक अंगावर येते, दुसरीवर गाणे उभे राहते.

हा भेद गोंगाट गाळणाऱ्या प्रोग्रॅमांना कळत नाही. पाइपवायरला वेबआरटीसीची गाळणी जोडता येते, आरएननॉइजसारखी बोलण्यावर शिकवलेली गाळणीही लावता येते, आणि व्हिडिओ कॉलचे प्रोग्रॅम आपापली गाळणी आतच बाळगून असतात. बदलते ते बोलणे आणि एकसारखी राहते ती पंख्याची घरघर, असे साधारण त्यांचे गृहीत असते. त्या हिशेबात तानपुरा गोंगाट ठरतो, आणि लांब लावलेला षड्जही मध्येच खचतो. दूरच्या गावी बसलेल्या विद्यार्थ्याला गुरूचा सूर तुटक ऐकू येतो, आणि दोष नेटवर्कच्या माथी मारला जातो. अमेरिकेतल्या आणि आखातातल्या किती तरी मराठी मुलांचे गाणे आज याच वाटेने शिकवले जाते. शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे: बसण्याआधी दोन्ही टोकांना, संगणकाच्या मांडणीत आणि कॉलच्या प्रोग्रॅममध्येही, गोंगाट गाळण्याची आणि आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय बंद करा, हेडफोन लावा आणि आधी नुसता तानपुरा ऐकून घ्या.