व्रत आणि अट

न्यायासाठी चळवळीत उतरलेल्या माणसाच्या ठायी शुद्धतेचा आग्रह असणे स्वाभाविक आहे. किंबहुना तो नसेल, तर त्याची चळवळ पहिल्याच प्रलोभनाला विकली जाईल. परंतु हा आग्रह जेव्हा अन्याय करणाऱ्याला सोडून शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याचीच झडती घेऊ लागतो, तेव्हा तो धर्म उरतो की अहंकार होतो, हा प्रश्न महाराष्ट्रातील पुरोगामी पक्षांनी आपल्यापुढे वारंवार उभा केला आहे. १९५७ साली स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष अल्पावधीतच दुभंगला, आणि भूमिहीनांच्या सत्याग्रहासाठी झटणाऱ्या दादासाहेब गायकवाडांवर पक्षबंधूंनीच कम्युनिस्ट असल्याचा ठपका ठेवला. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष फुटला. १९७२ साली जन्मलेली दलित पँथर दोनच वर्षांत राजा ढाले आणि नामदेव ढसाळ यांच्यातील बुद्ध की मार्क्स या वादाने विदीर्ण झाली. आज तीच झडती मोबाइलच्या पडद्यावर घटकाभरात उरकते, एवढाच काय तो फरक.

हा रोग नवा नाही. कोसंबीच्या विहारात एका भिक्षूने शौचकूपातील भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले, हा अपराध की अनवधान, एवढ्यावरून विनयधर (नियमांचे जाणकार) आणि धर्मकथिक (धर्माचे उपदेशक) यांचे शिष्यगण असे हमरीतुमरीवर आले, की प्रत्यक्ष भगवान बुद्धांचा उपदेशही त्यांनी मानला नाही आणि शेवटी भगवंतच त्यांना सोडून अरण्यात निघून गेले. त्यांच्याच संघातील देवदत्त या भिक्षूची कथा तर याहून बोलकी आहे. भिक्षूंनी आजन्म अरण्यात राहावे, केवळ भिक्षान्न खावे, चिंध्यांचीच चीवरे नेसावी, वृक्षातळी निजावे, मत्स्यमांस वर्ज्य करावे, या त्याच्या पाच मागण्यांत वरवर पाहता निंद्य असे काहीच नव्हते. तथापि असे कडक आचरण ज्याला रुचेल त्याने खुशाल करावे, पण सर्वांवर त्याची सक्ती होणार नाही, असा निर्वाळा बुद्धांनी दिला, आणि देवदत्ताने त्याच निमित्ताने संघ फोडला. स्वतःसाठी घेतलेले व्रत दुसऱ्यासाठी अट झाले, की संघभेद ठरलेलाच.

व्रत आणि अट यांतील या भेदाचे आधुनिक उदाहरण शोधण्यासाठी गोरेगावकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. आज गोंदिया जिल्ह्यात असलेले गोरेगाव १९५४ साली भंडारा जिल्ह्यात मोडत होते, आणि त्या वर्षी भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार होते. मतदारसंघ द्विसदस्य, एक जागा राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन निरनिराळ्या उमेदवारांना देण्यासाठी दोन मते. दोनच वर्षांपूर्वी उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला होता. तेथे ७४,३३३ मते बाद ठरली आणि कम्युनिस्टांनी मते कुजवण्याचा, म्हणजे वाया घालवण्याचा, प्रचार केला, अशी तक्रार घेऊन ते व समाजवादी अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले होते. भंडाऱ्यात कार्यकर्त्यांनी सुचवले, की आता आपणही दुसरे मत कुजवावे, म्हणजे आपला विजय सुकर होईल. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. पराभव पत्करीन, पण मत वाया घालवा असे सांगणार नाही, या भूमिकेवर ते ठाम राहिले. बिगर-राखीव जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले.

येथे शुद्धता होती, आणि ती कडक होती; परंतु तिची किंमत त्यांनी स्वतः मोजली आणि तिचा लाभ अन्य पक्षाच्या माणसाला झाला. समाजवाद्यांशी असलेले मतभेद त्यांनी सोडले नव्हते, की स्वत्वही गहाण टाकले नव्हते. मतभेदाचा निवाडा वादाने करावा, सोबतीचा निवाडा समान अन्यायाविरुद्ध कोण उभे आहे यावरून करावा, हा विवेक त्यांच्या ठिकाणी होता. आणि सत्तेसाठी पीडितांचीच बाजू सोडणाऱ्याला दूर ठेवण्यास त्या विवेकाची आडकाठी नाही.

म्हणून चळवळीतील प्रत्येकाने सहकाऱ्याला बहिष्कृत करण्यापूर्वी एवढे तपासून पाहावे, की ज्या नियमाचा आपण दंडक करीत आहोत, तो पाळताना आपले काय खर्ची पडते. ज्या शुद्धतेत आपले काहीच जात नाही आणि सारी शिक्षा दुसऱ्याच्याच वाट्याला येते, ती शुद्धता नव्हे, ते देवदत्ताचे पुनरागमन होय. तिला आपल्या संघात थारा देऊ नका.