'माझे' या शब्दात कोण कोण?

आजचं चिंतन गीतेच्या पहिल्याच श्लोकावर.

धृतराष्ट्र संजयाला विचारतो, माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी रणांगणावर काय केलं? पांडूची मुलं म्हणजे भावाचीच मुलं. तरी ती 'माझे' मध्ये बसत नाहीत. बाण सुटायच्या आधीच घराचे दोन तुकडे झालेत.

हा श्लोक मला पानिपतला नीट कळला. दिल्लीहून एका दिवसाची सहल होती. काला आंबच्या स्मारकापाशी गाइड १४ जानेवारी १७६१ चा दिवस सांगत होता. भाऊसाहेब, विशीही न ओलांडलेले विश्वासराव, सैन्यासोबत आलेले यात्रेकरू... आपला गळा दाटून येतोच. डोक्यात आपोआप दोन कॉलम तयार होतात: आपले आणि त्यांचे.

पण पानिपत या दोन कॉलममध्ये मावत नाही. आपला तोफखाना इब्राहिमखान गारदीकडे होता. आणि अब्दालीच्या बाजूने लढलेल्या शुजाउद्दौलानेच विश्वासरावांच्या देहाला हिंदू रीतीने अग्नी मिळावा म्हणून रदबदली केली.

मग आपल्यांसाठी जास्त रडू येणं चूक आहे का? मला नाही वाटत. मुलांवर प्रेम करणं हा धृतराष्ट्राचा दोष नव्हता. त्या प्रेमापायी पुतणे दिसेनासे झाले, हा दोष. शुजाने बाजू बदलली नाही, पण शत्रूच्या देहाचा मान राखला. तेवढं आपल्यालाही जमायला हवं.

आज ऑफिसमध्ये, सोसायटीच्या ग्रुपवर 'आपली माणसं' असं म्हणताना क्षणभर थांबून बघा: बाहेर कोण राहिलं?

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥