शिसारीचे शिक्षण

शेतात झिंक फॉस्फाइड वापरणाऱ्या शेतकऱ्याला उंदराची एक खोड चांगली ठाऊक असते. पहिल्या रात्री बिळाशी ठेवलेला विषारी भरडा खाऊन काही उंदीर मरतात. जे थोडासाच खाऊन आजारी पडले आणि वाचले, ते पुन्हा त्या भरड्याला तोंड लावत नाहीत. म्हणून कृषी खात्याचे लोक सांगतात, आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवा, उंदीर सरावले की मग विष मिसळा. ब्रोमॅडिओलोनसारखी विषे ही अडचण वेगळ्या वाटेने टाळतात. ती रक्त गोठू देत नाहीत, पण परिणाम दिसायला काही दिवस जातात. तोवर उंदराने बरेच काही खाल्लेले असते आणि दोष कोणत्या घासाला द्यायचा, हे त्याला उमगत नाही.

उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेले विष बाहेर काढण्याची सोय नसल्याने त्याची सगळी सावधगिरी तोंडाशीच एकवटलेली असते. अनोळखी पदार्थ दिसला की तो आधी कणभर कुरतडतो आणि थांबतो.

या सावधगिरीच्या शास्त्रीय अभ्यासाला नवे वळण मिळाले ते मात्र शेतात नव्हे, अमेरिकन नौदलाच्या किरणोत्सर्गविषयक प्रयोगशाळेत. जॉन गार्सिया हा स्पेनमधून कॅलिफोर्नियात आलेल्या शेतमजूर जोडप्याचा मुलगा. 1950च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत तो उंदरांवर गॅमा किरणांचा काय परिणाम होतो ते पाहत होता. किरणांच्या खोलीत उंदीर पाणी कमी पितात, आपल्या नेहमीच्या पिंजऱ्यात मात्र व्यवस्थित पितात, असे त्याच्या लक्षात आले. फरक होता बाटल्यांचा. किरणांच्या खोलीतल्या बाटल्या प्लास्टिकच्या होत्या आणि त्यांची चव पाण्यात उतरत होती. उंदरांनी आपल्या मळमळीचा ठपका त्या चवीवर ठेवला होता. 1955 मध्ये गार्सिया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सॅकरिनचे गोड पाणी वापरून हीच गोष्ट ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली.

खरा धक्का 1966 च्या प्रयोगाने दिला. गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिले आणि प्रत्येक चाटण्याबरोबर दिवा लुकलुकेल, टिकटिक वाजेल अशी व्यवस्था केली. काही उंदरांना नंतर आजारी पाडले, काहींच्या पायांना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी गोड चव टाळली, पण दिवा आणि आवाज असलेले साधे पाणी ते पीत राहिले. झटका बसलेल्यांचे नेमके उलटे झाले. त्यांना चवीचे काही वाटेना, दिवा-आवाज मात्र नकोसा झाला. दुखापत बाहेरून झाली तर कारण डोळ्या-कानांकडे शोधायचे, पोटात ढवळले तर जिभेकडे, अशी विभागणी जणू आधीच ठरलेली होती. चव आणि आजारपण यांच्यात काही तासांचे अंतर असले, तरीही हे नाते जुळते असेही दिसले.

त्या काळचे मानसशास्त्र हे पचवायला तयार नव्हते. कोणतीही खूण कोणत्याही परिणामाशी जोडता येते, त्यासाठी पुनरावृत्ती लागते आणि दोहोंत फार तर काही सेकंदांचे अंतर चालते, असा पक्का समज होता. नामांकित नियतकालिकांनी गार्सियाचे लेख परत पाठवले. पुढे 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. तरीही जे प्रत्येक शेतकऱ्याला दिसत होते, ते विद्वानांना पटायला इतकी वर्षे लागावीत याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रत्येक प्राणी जिभेवरच भरवसा ठेवतो असेही नाही. लाव्याला निळे, आंबट पाणी पाजून आजारी पाडले तर तो पुढे निळ्या रंगापासून दूर राहतो, उंदीर आंबट चवीपासून. दाणे डोळ्यांनी हेरून टिपणाऱ्या पक्ष्याला हेच सोयीचे.

अधिक विचार करायला लावते ती या धड्याची दुसरी बाजू. एका आजारपणात जडलेली नावड जाते कशी? तीच चव पुन्हा पुन्हा दिली आणि काहीच बिघडले नाही, तर प्राणी हळूहळू खाऊ लागतो. पण जुनी आठवण तेवढ्याने पुसली जात नाही. मधे काही काळ गेला की नावड पुन्हा डोके वर काढते. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत बर्मन आणि दुदाई यांनी 2001 मध्ये दाखवले, की उंदराच्या मेंदूतल्या चवीशी संबंधित भागात नवी प्रथिने तयार होणे रोखले तर ही नावड कमी होण्याची क्रियाही अडते. नावड जडतानाही तिथे नव्या प्रथिनांची गरज असतेच. म्हणजे ज्याला आपण विसरणे म्हणतो ते जुन्या धड्याशेजारी गिरवलेला नवा धडा असतो.

आणि हा नवा धडा सोबतीने लवकर गिरवला जातो. कॅनडातल्या बेनेट गेलेफ यांनी दाखवले, की ज्या अन्नाची एखाद्या उंदराला शिसारी बसली आहे, तेच खाऊन आलेल्या सोबत्याच्या तोंडाचा वास त्याला मिळाला तर त्याची नावड कमी होते. गुरांचेही तेच. पश्चिम अमेरिकेच्या कुरणांत लार्कस्पर नावाची वनस्पती खाऊन गुरे दगावतात. ती खाल्ल्यावर लिथियम क्लोराइड देऊन मळमळ घडवली, तर गुरे तिच्या वाटेला जात नाहीत. पण ती बिनदिक्कत खाणाऱ्या इतर गुरांबरोबर चरायला सोडली, की त्यांचा निर्धार ढळतो. स्वतःच्या पोटाने दिलेला पुरावा सोबत्याच्या चरण्यापुढे फिका पडतो, हे अस्वस्थ करणारे आहे. पण कळपाने जगणाऱ्या जनावराला एकट्याच्या अनुभवापेक्षा अनेकांचा अनुभव बहुधा अधिक खरा ठरत असणार.

ऑस्ट्रेलियात या शिसारीने जीव वाचवले आहेत. उसावरच्या किडीसाठी 1935 मध्ये क्वीन्सलँडमध्ये आणलेले केन टोड हे विषारी बेडूक पसरत गेले आणि ते खाऊन क्वोल हे छोटे शिकारी प्राणी मरू लागले. संशोधकांनी क्वोलना मळमळ आणणारे औषध भरलेले छोटे मेलेले टोड खाऊ घातले आणि मग रानात सोडले. असे शिकलेले क्वोल न शिकलेल्यांपेक्षा जास्त जगले.

माणसाचे पोट या बाबतीत वेगळे नाही, आणि कळून-सवरूनही फरक पडत नाही. चव घेतल्यावर बेशुद्ध केलेल्या उंदरालासुद्धा नावड जडते, मग जाणिवेची मातब्बरी ती किती? सिअ‍ॅटलमध्ये आयलीन बर्नस्टाइन यांनी 1978 मध्ये केमोथेरपी घेणाऱ्या मुलांना उपचारांआधी अनोळखी चवीचे आइस्क्रीम दिले. पुढे त्यातली बरीच मुले ते नको म्हणू लागली. उलटी औषधाने होते हे ठाऊक असूनही. नंतरच्या एका अभ्यासात जेवण आणि औषध यांच्या मधे तीव्र, अनोळखी चवीची गोळी दिली, तेव्हा नावडीचा मोठा वाटा त्या गोळीने स्वतःवर ओढून घेतला आणि जेवण पुष्कळ प्रमाणात वाचले.

आपल्याकडे केमोच्या दिवशी आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून घरचे लोक मायेने त्याच्या आवडीचे पदार्थ डब्यात भरून नेतात. त्या दिवशी तो डबा नेऊ नये. डॉक्टरांना विचारून साधे, ज्यावर त्याचा फारसा जीव नाही असे काही द्यावे आणि पुरणपोळी किंवा आवडीची भाजी मळमळ पूर्ण थांबलेल्या दिवसासाठी राखून ठेवावी.