वैराग्य की माघार?

कार्यालयात नवी जबाबदारी समोर येते आणि आपण म्हणतो, "मला पदाचा मोह नाही." शब्द साधकाला शोभणारे असतात. पण त्यामागे खरोखर निर्मोह आहे, की 'हे आपल्याला जमणार नाही' ही भीती? स्वतःला विचारून पाहा.

तंजावरात साडेतीनशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका राजापुढे उभा राहिला होता. छत्रपती शिवाजी महाराजांचे धाकटे सावत्र बंधू व्यंकोजीराजे, ज्यांना तिकडे एकोजी म्हणतात, यांनी १६७५ च्या सुमारास तिथे भोसल्यांचे राज्य उभे केले. हे कर्तृत्व लहान नव्हते. पण १६७७ मध्ये दक्षिणेत आलेल्या महाराजांनी वडिलांच्या दौलतीतला वाटा मागितला. बोलणी फिसकटली, पुढे लढाई झाली आणि व्यंकोजीराजे हरले. तह झाला, राज्यही राहिले, मन मात्र खचले. थोरला भाऊ असा असताना आपली तुलना सतत कोणाशी होणार, हे त्यांना कळत नसेल का? त्यांनी कारभारातून लक्ष काढले, शरीराची हेळसांड केली, सणवार सोडले. फौज रिकामी बसली. या सगळ्याला नाव मिळाले वैराग्य.

हे कळल्यावर महाराजांनी त्यांना पत्र लिहिले. ज्यांच्यामुळे हे मन खचले, तेच आता धीर देत होते, हेही लक्षात घ्यायला हवे. पत्रात 'तू थोर आहेस' अशी नुसती भलामण नाही. वडिलांनी किती संकटे सोसून दौलत मिळवली, त्यांच्याजवळ राहून तुम्ही काय शिकलात, याची आठवण आहे. मग सांगणे अगदी साधे: शरीर सांभाळा, सणवार नेहमीसारखे करा, माणसांना कामाला लावा, रघुनाथपंतांचा सल्ला घ्या. वैराग्य उतारवयात करता येईल, हे दिवस कामाचे आहेत.

रघुनाथपंत हणमंते म्हणजे पूर्वी व्यंकोजीराजांशी न पटल्याने महाराजांकडे गेलेले कारभारी. ज्याच्याशी बिनसले, त्यालाच विचारायचे! मला वाटते, पत्रातला सर्वांत कठीण भाग हाच होता.

कुरुक्षेत्रावर अर्जुनही भिक्षा मागून जगणे बरे म्हणाला होता. भगवंतांनी त्याला संन्यास मानले नाही. खऱ्या वैराग्यात फळाची ओढ सुटते, काम हातातच राहते. भीतीपोटी सोडलेले काम मात्र रात्री झोपताना पुन्हा आठवते. ते दुसऱ्याने उत्तम केले की मनात काहीतरी टोचते. तुम्हाला टोचते का?

टोचत असेल, तर आत्मविश्वास येण्याची वाट पाहत बसू नका. व्यंकोजीराजांनाही आधी आत्मविश्वास मिळवा आणि मग कारभार पाहा, असे कोणी सांगितले नव्हते. वेळेवर जेवण, वेळेवर झोप, अडून राहिलेल्या कामाचा एक कागद, एवढ्यावर सुरुवात होते. आणि मग तुमचे रघुनाथपंत कोण, ते शोधा. बहुधा ते शेजारच्याच टेबलावर बसतात, आणि गेले काही महिने तुम्ही त्यांच्याशी कामापुरतेच बोलत आहात.